उपटलेली जागा मोकळी सोडू नका

पोरांनो, डोंगराच्या उतारावरची घाणेरी काढायला निघालात, फार चांगलं केलंत. पण आधी एवढं ऐका. काढणं हे अर्धंच काम आहे. मोकळी झालेली जमीन पुढच्या पावसात पुन्हा घाणेरीच्या, नाहीतर रानमोडीच्या ताब्यात जाते. जिथे उपटाल तिथे पुढचा पाऊस लागताच गवत बसवा. तेवढं मनुष्यबळ नसेल तर गुंठाभरच जागा धरा, पण ती पुरी करा.

घाणेरी वरून छाटू नका, ती बुडातून जोमाने फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली रीत धरा: सोटमूळ मातीच्या दोन बोटं खाली कुदळीने तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. पुढची दोन-तीन वर्षं झाडांखाली फेरी मारा. बुलबुल तिची फळं खाऊन बी तिथेच टाकतात. रानमोडीचं बी वाऱ्यावर जातं, म्हणून ती फुलायच्या आधी, दिवाळीच्या आत, जमीन ओली असताना ओढायची. नारिंगी कॉसमॉसही फुलण्याआधीच उपटा, कितीही देखणा दिसो. काँग्रेस गवताला मात्र उघड्या हाताने शिवू नका, अंगाला खाज सुटते. १९५५च्या सुमारास त्याची देशातली पहिली ठळक नोंद झाली ती आपल्या पुण्यातच.

आणि जपून. सोनकी, तेरडा, कारवी ही आपलीच. नवखा माणूस कॉसमॉसबरोबर सोनकीही उपटतो.

आता गवताचं. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. त्यात दख्खन येते ती शेडा-पवन्या आणि मारवेल यांच्या पट्ट्यात. म्हणून बाहेरचं बी आणू नका. दुकानात मिळणारा स्टायलो चारा म्हणून ठीक, पण तो परदेशी आहे, डोंगरावर नको. बी आपल्याच भागातलं घ्या, कारण मावळ सगळीकडे सारखा नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तळेगावकडे त्याच्या चौथाईच्या आसपास. घाटमाथ्यावरचं गवत तळेगावच्या कोरड्या टेकडीवर तग धरेलच असं नाही.

दिवाळीनंतर शेडा, पवन्या, डोंगरी गवत पिवळं पडतं. तुरा चिमटीत धरून वर ओढला की पिकलेलं बी हातात येतं. हिरवं असेल तर सोडून द्या. एका जागचं सगळं ओरबाडू नका, निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. बी सावलीत वाळवून पुढच्या पावसापर्यंत ठेवा. पुष्कळ गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला विसावा लागतो.

मृगाचा पाऊस लागला की माती वरवर खरवडून बी फेका आणि पातळ मातीने झाका. नखभर खोलीच्या खाली गेलं तर वर येणार नाही. उतारावर बी वाहून जातं, म्हणून आडव्या दगडी ओळी लावून त्यांच्या वरच्या अंगाला पेरा. शेण-मातीच्या गोळ्यांत घातलंत तर आणखी बरं. कुसळीला तर काही करावंच लागत नाही. तिचं कूस ओलं झालं की पीळ उलगडतो आणि बी स्वतःच मातीत शिरतं. मारवेल मात्र ठोंबांनी लावा, बांधावर आणि ओलाव्याच्या सखल जागी, हात-सव्वा हाताच्या अंतराने.

पहिली दोन वर्षं गुरं आत सोडायची नाहीत. कापणी बी गळल्यावरच, आणि विळा चार बोटं वर ठेवून. फाल्गुन-चैत्रात वणव्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, थंडीतच जाळरेषा काढून घ्या. दरवर्षी जळणाऱ्या माळावर शेडा-पवन्या मागे पडतात आणि कुसळीच माजते.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. माळ दिसला की लोक खड्डे खणून गिरिपुष्प लावतात आणि त्याला वृक्षारोपण म्हणतात. माळ ओसाड नसतो. चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो, गुरांना वैरण तिथूनच मिळते. तेव्हा गवताच्या माळावर झाडं लावू नका.

वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय कुदळ घालू नका. सुरुवात आपल्या बांधापासून, गायरानापासून करा. दिवाळीनंतर बी काढायला याल तेव्हा कापडी पिशव्या आणा, प्लॅस्टिकमध्ये ओलसर बी बुरसतं.