कॅस्पियन घोड्याचा शजरा आणि त्याची परदेशातील बिरादरी

माल थोडा, तो तयार करणारे हात थोडे, आणि गिऱ्हाईक पाच-सात देशांत विखुरलेले. अशा मालाचा बाजार कसा उभा करावा, हा प्रश्न आज आपल्या अनेक कारागीर बांधवांपुढे आहे. औरंगाबादी हिमरू विणणारे, हाताने जरीकाम करणारे, जुन्या पद्धतीने अत्तर काढणारे, सर्वांची अडचण एकच आहे. प्रस्तुत लेखात याचा विचार एका घोड्याच्या उदाहरणावरून केला आहे. घोडा इराणचा, त्याला सांभाळणारी बिरादरी मात्र ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे तयार झाली. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिल्यास या हकिगतीत शिकण्यासारखे बरेच आहे.

ज्यांचे शिक्षण उर्दू शाळेत झाले त्यांना भूगोलातील बहीरा-ए-खजर आठवत असेल. इंग्रजीत त्यालाच कॅस्पियन समुद्र म्हणतात. या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्बोर्झ डोंगराच्या उतरणीला, लहान चणीचे घोडे पूर्वापार होते. गावकरी त्यांना गाडीला जुंपत, ओझी वाहायला लावत. त्यांची किंमत कोणाला नव्हती. 1965 साली लुईस फिरोज या बाई आमोल या गावी आल्या. त्या जन्माने अमेरिकन. काजार घराण्यातील नर्सी फिरोज यांच्याशी विवाह करून त्या इराणात स्थायिक झाल्या होत्या. तेहरानजवळ नौरोजाबाद येथे पतिपत्नी घोडेस्वारीची शाळा चालवीत, आणि लहान मुलांना बसता येईल असा घोडा त्यांना हवा होता. आमोलच्या रस्त्यावर गाडी ओढणारा एक लहान घोडा त्यांना दिसला. तो त्यांनी विकत घेतला आणि त्याचे नाव 'उस्ताद' ठेवले.

येथे त्यांची नजर कामी आली. इतरांना जे मरतुकडे तट्टू वाटत होते ते तट्टू नसून अंगाने लहान असलेला पूर्ण घोडा आहे, हे त्यांनी ओळखले. डोके आखूड, कपाळ रुंद, डोळे मोठे, पाय बारीक पण चिवट. घोडेवाल्यांच्या मापाने उंची दहा ते बारा हात. एक हात म्हणजे चार इंच, म्हणजे चाळीस ते अठ्ठेचाळीस इंच. पर्सेपोलिसच्या खडकात कोरलेल्या चित्रांत आणि दारा बादशहाच्या मोहोरेवर असेच लहान घोडे आहेत. ही मोहोर सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ही जात शेकडो वर्षांपूर्वीच नष्ट झाली असा जाणकारांचा समज होता. लुईसबाईंनी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून पाहणी केली, तेव्हा सर्व मिळून पन्नासच्या आसपास जनावरे उरली असावीत असा अंदाज निघाला. त्यांतून सहा घोडे आणि सात घोड्या निवडून त्यांनी पैदाशीला सुरुवात केली.

भांडवल म्हणाल तर एवढेच, तेरा जनावरे. घोडीला शिंगरू व्हायला अकरा महिने लागतात, एका वेळी एकच होते, आणि ते शिंगरू मोठे होऊन स्वतः व्यायला तीन-चार वर्षे जातात. मागणी वाढली म्हणून माग वाढवावे तसे येथे करता येत नाही. या धंद्यात घाई करणारा बुडतो.

1970 मध्ये इराणच्या शाही अश्वसंस्थेने त्यांचा कळप विकत घेतला. तेव्हा त्यात 23 जनावरे होती. पुढच्याच वर्षी पर्सेपोलिसला बादशाहीच्या अडीच हजार वर्षांचा सोहळा झाला. त्याला ब्रिटनचे प्रिन्स फिलिप आले होते आणि ते त्या वेळी आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाचे अध्यक्षही होते. त्यांना या जातीचा एक घोडा व एक घोडी भेट मिळाली. एकाच देशात सर्व माल ठेवणे धोक्याचे आहे, हा विचार येथून पक्का झाला. 1971 ते 1976 या काळात 9 घोडे आणि 17 घोड्या युरोपात पाठविण्यात आल्या. पुढे निर्यात बंद झाली.

ही 26 जनावरे बाहेर गेली नसती तर काय झाले असते, ते नंतरच्या घटना सांगतात. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली. शाही संस्थेकडचे बहुतेक घोडे लिलावात निघाले. काही ओझ्याला गेले, काही कसायाकडे. 1980 ते 1988 इराकशी युद्ध चालले. घोडे पाळणे ही शाही हौस समजली जाऊ लागली आणि लुईसबाईंना तुरुंगही पाहावा लागला. तरीही त्यांनी उरलेली जनावरे पुन्हा गोळा केली आणि 1990 च्या दशकात सात घोड्यांची शेवटची तुकडी ब्रिटनला रवाना केली. अझरबैजान, बेलारूस अशा मार्गाने जाताना दरोडेखोरांनी तो ताफा लुटला, तरी घोडे पोहोचले. 2008 साली त्यांचे इराणातच निधन झाले.

इथपर्यंत एका बाईच्या जिद्दीची हकिगत झाली, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. व्यापाऱ्याला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा आहे. वीस-पंचवीस जनावरे परक्या मुलखात गेली. ती कुणा जमीनदाराच्या कुरणात, कुणा हौशी बाईच्या तबेल्यात, एकमेकांपासून शेकडो मैल दूर. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने जवळच्या तट्टूशी पैदास केली असती तर दोन पिढ्यांत जात संपली असती. ती टिकली याचे पहिले कारण म्हणजे दप्तर.

या दप्तराला स्टडबुक म्हणतात. आपल्या भाषेत तो शजराच आहे. सय्यद आणि पीरजादे घराण्यांत शजरा जपला जातो, त्यात प्रत्येक नावापुढे बापाचे नाव असते आणि मधली एक कडी तुटली की दावा संपतो. येथेही तसेच. इराणातून आलेली मूळ जनावरे ही शजऱ्याची मुळे. त्यांनंतर आई आणि बाप दोघेही दप्तरात असतील तरच शिंगरू दप्तरात. आधी रक्ताची तपासणी करून खात्री करीत, आता डीएनए तपासतात. मालक कितीही मोठा असो, कागद नसेल तर त्याचा घोडा कॅस्पियन नाही. संकरित जनावरांसाठी रजिस्टर वेगळे आहे, म्हणजे त्यांनाही जागा आहे, पण शुद्ध मालात त्यांची मिसळ होत नाही. मला स्वतःला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. हलका माल बाजारातून हाकलता येत नाही. त्याला त्याचे खरे नाव देऊन वेगळ्या खणात ठेवता येते.

ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे असे कोणी समजू नये. अरब बदू आपल्या घोड्यांचे कूळ आईच्या बाजूने मोजत, आणि घोडा विकताना साक्षीदारांच्या मोहोरेसह 'हुज्जत' लिहून देत. कुरआन मजीदातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरहमधील, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे, हे व्यापाऱ्याला सांगायला नकोच. उलट उदाहरण आपल्या मुंबईचे. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि कुवेतकडून गलबतांनी अरबी घोडे मुंबईस येत, भायखळ्याला अरब सौदागरांचे तबेले होते. जनावरे उत्तम असत, शर्यती जिंकत. पण या वाटेने पुढे विलायतेला गेलेल्या अनेक घोड्यांचे आईबाप कोण, हे सांगता येत नसे, आणि मग पैदाशीच्या बाजारात त्यांची किंमत पडे. घोडा तोच, पण कागदाशिवाय.

दुसरी गोष्ट देवाणघेवाणीची. मूळ जनावरे थोडी असली की सगळी लवकरच एकमेकांची चुलत-मावस होतात. जवळच्या रक्तात पैदास झाली की शिंगरे अशक्त निघतात. म्हणून नर घोडा एकाच तबेल्यात ठेवून चालत नाही, तो फिरता ठेवावा लागतो. कोणत्या मूळ घोड्याचे रक्त कमी पडत चालले आहे, हे संस्था दप्तर पाहून सांगते आणि त्या वंशाचा घोडा दुसऱ्या भागात पाठविला जातो. म्हणजे शेजारचा पैदासकार हा प्रतिस्पर्धी आहे, तसाच त्याच्यावाचून आपले चालतही नाही. ब्रिटनची संस्था, अमेरिका खंडासाठीची संस्था, आणि सर्वांना एका सूत्रात ठेवणारी इंटरनॅशनल कॅस्पियन सोसायटी अशी रचना यातून उभी राहिली. टेक्सासमधल्या पाळणाऱ्यांनी 1990 च्या दशकात ब्रिटनहून घोडे नेले, ते दप्तर विश्वासाचे होते म्हणूनच.

तिसरी गोष्ट उपयोगाची, आणि येथे या मंडळींची बाजू थोडी लंगडी आहे असे माझे मत आहे. ब्रिटनमध्ये लहान तट्टूंची कमतरता कधीच नव्हती. वेल्श आहे, शेटलंड आहे, न्यू फॉरेस्ट आहे. मग हा नवा पाहुणा कोणी का घ्यावा? त्यांनी उत्तर शोधले ते असे: पाठ अरुंद असल्याने लहान मुलाचे पाय नीट बसतात, चाल मोठ्या घोड्यासारखी आहे, उडी चांगली मारतो, आणि जोडीने हलक्या गाडीला जुंपला तर वळणांच्या शर्यतीत चपळ ठरतो. हे सर्व खरे आहे. तरी केवळ या गुणांवर मोठा बाजार मिळाला नाही. घोडा टिकला तो मुख्यतः हौशी लोकांच्या खिशावर, आणि हौस पुष्कळदा माणसाबरोबर जाते. मालक म्हातारा झाला, मुलांना आवड नाही, तबेला विकला, असे झाले की एकदम आठ-दहा जनावरे बाहेर येतात. त्या वेळी त्यांना उचलणारे हात संस्थेत नसतील तर पंधरा वर्षांची मेहनत वाया जाते.

याच्या शेजारी आपल्या देशातील मारवाडी घोडा ठेवून पाहावा. कान आत वळलेला हा देखणा घोडा 2000 साली प्रथम अमेरिकेत गेला. 2006 मध्ये एक घोडा युरोपात, फ्रान्समधील एका अश्वसंग्रहालयाला मिळाला. निर्यातीवर सरकारी बंधने असल्याने मागून ताजे रक्त जाऊ शकले नाही. तेथील प्रेमी मंडळी उत्साही होती, पण जनावरेच इतकी थोडी की बिरादरी वाढायला जमीन राहिली नाही. बंधने उठवावीत की नाही हा वेगळा वाद आहे. देशातली जात आधी सुरक्षित हवी, या म्हणण्यातही तथ्य आहे. सांगायचे एवढेच की परदेशात गिऱ्हाईक तयार करण्यापूर्वी पुरवठ्याचा रस्ता किती वर्षे उघडा राहील, याचा हिशेब करावा.

आता हिमरूकडे येऊ. सुती ताणा, रेशमी बाणा, आणि नक्षीचे जादा धागे कापडाच्या पाठीमागे तरंगत ठेवायचे, हे काम मागावर बसूनच शिकता येते. नक्षी ज्या सुतांत बांधली जाते ती बांधणारा उस्ताद गेला की नक्षीही जाते, जसा नर घोडा मेला की वंश जातो. यंत्रमागाची नक्कल हिमरू म्हणूनच विकली जाते आणि गिऱ्हाईक फरक ओळखत नाही. येथे शजरा कोण लिहितो? कोणती नक्षी कोणत्या घराण्याची, ती कोणाकडून शिकली, कोणत्या मागावर कोणत्या साली कोणता थान निघाला, एवढे एका वहीत लिहिणे चार कारागिरांना मिळून जमण्यासारखे आहे. थानाच्या कोपऱ्याला क्रमांक, वहीत तोच क्रमांक, आणि मालाबरोबर सहीचा कागद. यंत्रमागाचा मालही त्याच दुकानात असू द्या, पण दुसऱ्या नावाने. आखाती देशांत, ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत आपली माणसे पिढ्यान्पिढ्या आहेत. लग्नाच्या शालीला ते चांगला दाम देतील, पण त्यांना खात्री हवी. आणि एका कारागिराकडे काम जास्त झाले तर ऑर्डर दुसऱ्याकडे वळविण्याची तयारी पाहिजे. आपल्याकडे गाडी अडते ती येथे. गिऱ्हाईकाचा पत्ता शेजाऱ्याला कळू नये म्हणून आपण पार्सलावरचे लेबलसुद्धा झाकतो.

शेवटी एक मसला, कारण तो जनावरांच्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या कामाचा आहे. पाश्चात्त्य पैदासकारांच्या मिळकतीचा एक भाग नर घोडा लावण्याच्या फीचा असतो. नर जनावर लावण्याचा मोबदला घेण्यास हदीसमध्ये मनाई आली आहे. हनफी, शाफई आणि हंबली फिकहमध्ये हा व्यवहार नाजायज मानला जातो. इमाम मालिक यांच्याकडे ठरावीक मुदतीच्या भाड्याची सवलत आहे. न ठरविता खुशीने दिलेली भेट स्वीकारण्याची मात्र परवानगी हदीसमध्ये आढळते. नर जनावर विकत घेणे, विकणे, भागीदारीत ठेवणे किंवा मोफत उसने देणे यात ही अडचण येत नाही. उस्मानाबादी शेळ्यांच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांत बोकड लावण्याचे पैसे आधी ठरविण्याची पद्धत सर्रास आहे. त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून, चार-पाच जणांत मिळून एक चांगला बोकड भागीदारीत घ्यावा आणि कोणाचा हिस्सा किती व चारा कोणाचा, हे कागदावर लिहून ठेवावे.