खेळाडू मुलांची शिष्यवृत्ती : हातात नेमकं काय येतं?



'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये, असं आपण ऐकतो. आकडा खरा आहे, पण ही सगळी रक्कम घरी येत नाही.

यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये, खेळाडूला किरकोळ खर्चासाठी मिळतात. बाकीचे पैसे प्रशिक्षण, राहणं-जेवण, साहित्य, स्पर्धा, शिक्षण अशा गोष्टींवर खर्च होतात. ही मदत ८ वर्षांपर्यंत मिळू शकते. मात्र कामगिरी वेळोवेळी तपासली जाते आणि ती घसरली तर नाव वगळलं जाऊ शकतं. म्हणून या रकमेच्या भरवशावर कर्ज काढू नका, आणि मुलाचा अभ्यास तर मुळीच सोडू देऊ नका.

आता शाळेचं काम. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. प्रत्येक पायरीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण असोत की पुढे शासकीय नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, तिथं कागदच बोलतो. खाजगी स्पर्धेचा चकचकीत चषक तिथं चालेलच असं नाही. भाग घेण्याआधीच विचारा : ही स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का?

आणखी एक. शाळेचं रजिस्टर, आधार आणि प्रमाणपत्र यांवरचं नाव व जन्मतारीख आजच जुळवून पाहा. मैदानावर घाम गाळलेलं मूल एका अक्षराच्या चुकीमुळे मागे राहायला नको.