जोर कुठे द्यायचा

बुलढाणा

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा बाजारात रोहिणखेडची एक बाई भेटली. मी तुझी आत्या आहे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती मोकळेपणानं बोलली. "नवी मॅडम पोरायचं इंग्रजी मोबाईलात भरून घेते, मंग साहेबाचा आवाज लावून दाखोते. सारा वर्ग हासते. माही पोरगी आता तोंडच उघडत नाही." त्या क्षणापासून माझं कशात लक्ष नाही. हे खोटं असेल तर मला फोन करून खुशाल रागाव. खरं असेल तर आजच थांबव.

इंग्रजीची लय शिकवू नकोस, असं मी म्हणत नाही. ती शिकवणाऱ्या बाया आपल्या भागात किती कमी आहेत, ते मला नोकरीभर दिसलं. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. पुस्तकं आली, गाणी आली, पण कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा हे सांगायला कोणी आलं नाही. आपल्या मराठीत प्रत्येक अक्षर आपापली जागा घेऊन उभं राहतं. इंग्रजीत एका अक्षरावर भार पडतो आणि शेजारची अंग चोरतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या. पोरं तिन्ही शब्द एकाच सपाट चालीत म्हणतात, ही तुझी तक्रार खरी आहे. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी 1969 मध्ये आपल्या लोकांचं इंग्रजी परदेशी श्रोत्यांना किती समजतं ते तपासलं होतं. ब्रिटिश श्रोत्यांना सुमारे 70 टक्के समजलं, आणि घोटाळ्याचं एक मोठं कारण निघालं शब्दातला चुकलेला जोर. तेव्हा शिकव. हॉटेल, कमिटी, डेव्हलप हे पोरांच्या तोंडी रोज असलेले शब्द घे आणि टाळी कुठे पडते ते त्यांनाच शोधू दे.

पण साहेबाचा आवाज कशाला? जेनिफर जेंकिन्स या इंग्लंडच्या बाईंनी 2000 साली पुस्तक लिहिलं, ते माझ्या कपाटात आहे. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा नेमकं कशानं अडतं, हे त्यांनी पाहिलं. वाक्यातल्या मुख्य शब्दावर वजन पडलं पाहिजे, एवढं त्यांनी आवश्यक मानलं. 'टू', 'फॉर', 'ऑफ' गिळून बोलणं, घड्याळासारखा ठेका धरणं, हे आलंच पाहिजे अशा यादीत त्यांनी ठेवलंच नाही. माझं मत त्यात थोडं वेगळं आहे. गिळलेले शब्द पोरांच्या कानांना ओळखता यावेत. इंग्रज माणूस 'आय कॅन डू इट'मधला 'कॅन' नुसता 'कन्' करून टाकतो. तिथे भरघोस 'कॅन' म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'कान्ट' वाटू शकतं. म्हणून हे ऐकव, समजाव. जिभेवर आलं नाही तर सोडून दे.

तू टेबलावर पट्टी आपटून ठेका मोजतेस असंही कळलं. इंग्रजीतले आघात सारख्या अंतरानं पडतात हे पुस्तकांत छापलेलं असतं. 1945 मध्ये भाषाशास्त्रज्ञ पाइक यांनी काही भाषांत आघात सारख्या अंतरानं पडतात आणि काहींत अक्षरं, अशी विभागणी मांडली. पण 1982 मध्ये पीटर रोच यांनी वेगवेगळ्या भाषांचं बोलणं प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा ती विभागणी तशी टिकली नाही. जे इंग्रजांच्या बोलण्यातही काटेकोर सापडत नाही, त्यासाठी आपल्या पोरांवर पट्टी का?

त्यांच्याकडे काय आहे ते आधी बघ. 'मीच गेलो' आणि 'मी गेलोच' यातला फरक तुझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचार. जे आपण 'च' लावून करतो ते इंग्रजी माणूस आवाज चढवून करतो, एवढंच त्यांना सांगायचं आहे. त्यासाठी लंडनला जायची गरज नाही, गावातली मशीद पुरे. खुदावंतखानाने ती 1582 साली बांधली. एका पोरानं पाहुणा व्हावं आणि इंग्रजीत विचारावं, ही 1482 सालची का? दुसऱ्यानं सांगावं, नाही, 'फिफ्टीन एटी-टू', आणि जोर 'फिफ्टीन'वर टाकावा. मग पाहुण्यानं विचारावं, 1572 ची का? आता जोर 'एटी'वर. कोणी बांधली विचारलं की सगळा भार खुदावंतखानावर. आपल्या गावाबद्दल कोणी चुकीचं बोललं की पोरं आपोआप जोरात दुरुस्त करतात, बघ तू. प्रश्नाच्या शेवटी आवाज चढवणं तर त्यांना आईच्या कडेवरच आलेलं असतं. वऱ्हाडीला केवढा हेल आहे! त्या हेलावर हसू नकोस, दुसऱ्यांनाही हसू देऊ नकोस.

ती पोरगी बोलत नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही गं. अमरावतीला पहिल्याच वर्षी माझ्या एका उच्चारावर वर्ग हसला होता. त्यानंतर पदवी हातात पडेपर्यंत मी वर्गात प्रश्न विचारला नाही. सुट्टीत घरी आले की तुझ्या आजोबांच्या रेडिओवर दिल्लीच्या इंग्रजी बातम्या लावायची आणि बातम्या वाचणाऱ्याच्या मागोमाग ओठ हलवायची, आवाज न काढता, दादाला ऐकू जाईल म्हणून. सूर आला, जोर आला, सगळं नीट आलं. ते कोणाला ऐकवायचं मात्र राहून गेलं. किती विचारायचं होतं त्या वर्षांत! शिकवणारे चांगले होते, त्यांनी सांगितलंही असतं. ती हळहळ अजून आहे.

आणि तुझं मला ठाऊक आहे. पुण्याच्या त्या मुलाखतीनंतर तू आठवडाभर धड जेवली नव्हतीस. दादाला वाटलं नोकरी हुकल्याचं दुःख आहे. मला तेव्हाच कळलं की तुझ्या बोलण्याला कोणीतरी हसलं. त्यानंतर तू इंग्रजीच्या मागे जी लागलीस, रात्र रात्र कानाला यंत्र लावून बसलीस, ते मी पाहिलंय. ही वेळ आपल्या पोरांवर येऊ नये म्हणून तू एवढी धडपडतेस, हेही मला दिसतं. तुझ्यासारखी मेहनती बाई त्या वर्गाला मिळाली हे त्यांचं भाग्यच आहे. मी वर फार कडक लिहिलं असेल तर ते बाजारातून आल्या आल्या लिहिलंय म्हणून.

उद्या वर्गात गेलीस की त्या पोरीला इंग्रजीत काही विचारूच नकोस. घरचं विचार, शेतातल्या कपाशीचं विचार, तिच्या बोलीत. ती जे सांगेल ते मन लावून ऐक. इंग्रजी पुढच्या आठवड्यात बघू.

तुझा घसा बसलाय असं वहिनी म्हणाली. ज्येष्ठमध पाठवते आहे, चघळत जा, आणि वर्गात ओरडून बोलू नकोस. रविवारी घरी ये. पातोडीचा रस्सा आणि भाकरी करते. शाळेबद्दल बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, पण पुण्याला काय झालं ते एकदा मला सगळं सांग. तू ते आजवर कोणालाच सांगितलं नाहीस.

तुझी,
आत्या