लिथियम सापडले, खाण होईल काय?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रिआसी जिल्ह्यातील सलाल-हैमाना परिसरात ५९ लाख टन लिथियमचा साठा आढळल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी लिथियम आयात करणाऱ्या आपल्या देशात तिचे उत्साहाने स्वागत झाले. परंतु खनिज सापडणे आणि त्याची खाण होणे यांत बरेच अंतर असते. ते जोखण्यासाठी पुढील प्रश्न विचारावे लागतात.

धातू किती? ५९ लाख टन हे वजन लिथियमयुक्त बॉक्साइटी थराचे होय. त्यात प्रत्यक्ष लिथियम सुमारे ३,४०० टन असल्याचे लिलावाच्या वेळी नमूद करण्यात आले. म्हणजे टनामागे अर्ध्या किलोहून थोडे अधिक. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीनबुशेस येथील धातुकात टनामागे सात-आठ किलो वा त्याहूनही अधिक लिथियम असते.

खात्री किती? समन्वेषणाचे जी-४ ते जी-१ असे चार टप्पे आहेत. जी-४ म्हणजे केवळ टेहळणी, तर जी-१ म्हणजे सविस्तर समन्वेषण. रिआसीचा अंदाज जी-३ टप्प्यावरील, म्हणजे अनुमानित होता. वेधछिद्रे जसजशी जवळजवळ घेतली जातात, तसतसा अंदाज पक्का होतो. प्रसंगी तो घटतोही.

धातू वेगळा करता येईल काय? कठीण खडकातील स्पोड्युमिन या खनिजापासून आणि खाऱ्या पाण्यापासून लिथियम मिळविण्याच्या पद्धती रुळलेल्या आहेत. मातकट थरांतून ते व्यापारी प्रमाणावर काढण्याचा अनुभव मात्र जगात अद्याप तोकडाच आहे.

हिशेब जमेल काय? रस्ते, पाणी, वीज, प्रक्रिया यांचा खर्च आणि बाजारभाव यांचा मेळ बसला पाहिजे. २०२२ च्या अखेरीस उच्चांकाजवळ असलेले लिथियमचे भाव २०२४ पर्यंत कोसळले. भावाच्या शिखरावर मांडलेला हिशेब म्हणूनच फसवा ठरतो.

भूमी आणि माणसे? हा प्रदेश हिमालयातील, भूकंपप्रवण आणि चिनाब नदीच्या परिसरातील आहे. उत्खननाचा कचरा कोठे टाकणार, ग्रामस्थांच्या पाण्याचे आणि घरांचे काय, याचे उत्तर खर्चाच्या हिशेबातच धरले पाहिजे.

हे क्षेत्र दोनदा लिलावास काढण्यात आले. परंतु पुरेशा बोली न आल्याने २०२४ मध्ये दोन्ही लिलाव रद्द झाले. याचा अर्थ शोध व्यर्थ गेला असा नव्हे. पुढील समन्वेषण किती आवश्यक आहे, हेच त्यातून दिसून आले. साठ्याची बातमी वाचताना टनांचा आकडा पाहावाच. पण तो कशाचा आणि किती खात्रीचा, हे आधी विचारावे.