चार हात आणि एक मोजपट्टी

आमचा धंदा कापडाचा, शिक्षण उर्दू शाळेतले. संगणकाशी आमचा संबंध बिल छापण्यापुरता. तरीही आज प्रोग्राम लिहिण्याविषयी चार शब्द लिहीत आहोत, कारण आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची मुले महापे-ऐरोलीच्या कार्यालयांत हेच काम करतात. काहींनी भागीदारीत स्वतःचे कामही थाटले आहे. अशा सामाईक कामातला एक धडा आम्ही नुकसान सोसून शिकलो.

आमच्या मुलाने तीन मित्रांसह वाशीच्या आमच्या पेढीसाठी बिलांचा प्रोग्राम पायथन भाषेत लिहिला. चौघांची लिहिण्याची ढब निराळी. एकजण ओळ आत सरकवायला टॅब वापरी, दुसरा चार मोकळ्या जागा सोडी. एके दिवशी एकाने सगळी फाइल आपल्या पद्धतीने ‘नीट’ केली आणि त्याच वेळी वटावाचा हिशेबही हलवला. तपासणाऱ्याला शेकडो ओळी बदललेल्या दिसल्या. खरा बदल दोनच ओळींचा होता, तो त्या ढिगाऱ्यात नजरेतून सुटला.

१०,००० रुपयांच्या मालावर २ टक्के वटाव गेला की ९,८०० उरतात. त्यावर ५ टक्के जीएसटी ४९०, एकूण १०,२९०. प्रोग्राम मात्र आधी १०,००० वर ५०० कर लावून मग वटाव कापू लागला. बिल झाले १०,३००. फरक दहा रुपयांचा, पण अशी बिले अनेक. गिऱ्हाइकांचे पैसे आम्ही परत केले. मुलांत मात्र भांडण जुंपले आणि भागीदारी तुटायची वेळ आली.

इलाज शोधताना मुलांनी ईआरपीनेक्स्ट पाहिले. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या फ्रापे कंपनीचे हे हिशेबाचे सॉफ्टवेअर. त्याचे मूळ लिखाण सर्वांना खुले आहे आणि कंपनीबाहेरचे लोकही त्यात भर घालतात. एवढ्या हातांचे लिखाण एकसारखे कसे राहते, हे पाहण्यासारखे आहे.

१) नियम लेखी असतात. ओळ टॅबने सरकवायची, ती साधारण ११० अक्षरांच्या आत ठेवायची, अवतरणचिन्हे दुहेरी: हे सारे प्रोग्रामसोबतच एका फाइलीत नोंदलेले असते.

२) नियम यंत्र पाळून घेते. ‘रफ’ नावाचे साधन पायथनचे लिखाण स्वतःच एका साच्यात बसवते. न वापरलेली किंवा कोठेही न ठरवलेली नावे आढळली तर तीही दाखवून देते.

३) दारे दोन असतात. ‘प्री-कमिट’ ही तपासणी काम नोंदवतानाच लिहिणाऱ्याच्या संगणकावर चालते. ती टाळता येते, म्हणून सामाईक भांडारात काम घेण्यापूर्वी तीच तपासणी पुन्हा होते.

४) जुने लिखाण एकदाच, वेगळ्या नोंदीत सरळ केले जाते. त्या नोंदीचा क्रमांक एका यादीत लिहून ठेवतात, म्हणजे कोणती ओळ कोणी लिहिली हे शोधताना ती नोंद वगळता येते.

मुलांनी बसून मशवरा केला, एका संध्याकाळी नियम ठरवले आणि हीच व्यवस्था लावली. साधनाची आवृत्तीही चौघांकडे एकच ठेवली, नाहीतर प्रत्येकाचे यंत्र वेगळे निकाल देते. भिवंडीहून आलेला ताका आम्ही मोजपट्टीने मोजतो तेव्हा विणणाऱ्याला राग येत नाही, कारण पट्टी सर्वांना सारखी. तसेच येथे झाले. मित्राने चूक काढली की मान दुखावते, यंत्राने काढली की माणूस मुकाट्याने दुरुस्त करतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोजपट्टी पन्ना सांगते, रंग पक्का की कच्चा हे सांगत नाही. वटावाची ती चूक या यंत्राने पकडली नसती. तिचे लिखाण अगदी नियमात बसत होते. त्यासाठी मुलांनी वेगळी चाचणी लिहिली आहे: १०,००० च्या बिलाचे उत्तर १०,२९० आले नाही, तर काम पुढे सरकत नाही. आता टॅबवर वाद होत नाही, आणि दुसऱ्याचे काम तपासणारा फक्त हिशेब पाहतो.

ज्यांची मुले भागीदारीत हे काम करतात, त्यांनी आज घरी एवढेच विचारावे: तुमचे नियम कोठे लिहिले आहेत, आणि ते पाळले जातात की नाही हे कोण पाहते?