खिडकीचा दर आणि खिडकीचा खर्च

उन्हाळा लागला की घरदुरुस्तीची पत्रं वाढतात. यंदा अर्धापूर-नांदेड भागातून खिडक्यांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच : चौरस फुटाला दर काय? दर विचारायलाच हवा. पण नुसत्या दरावर बजेट बांधलं की काम अर्ध्यावर असताना पैसे संपतात. घरातल्या प्रत्येक खिडकीची तक्रार वेगळी असते, म्हणून तिचा हिशेबही वेगळ्या ओळीत मांडावा लागतो. निवडक पत्रांची उत्तरं इथे देत आहे.

प्रश्न : आमचं स्लॅबचं घर पंचवीस वर्षांचं आहे. लोखंडी खिडक्या गंजल्यात, झडपा लागत नाहीत. चार बाय चारच्या पाच, तीन बाय चारच्या दोन आणि दोन व्हेंटिलेटर, असं सगळं मिळून ११० चौरस फूट काम आहे. अॅल्युमिनियम स्लायडिंगचा दर ४५० रुपये सांगितला. पन्नास हजार बाजूला काढले तर भागेल ना? (एक शिक्षक, अर्धापूर)

उत्तर : भागणार नाही, सर. ४५० गुणिले ११० म्हणजे ४९,५०० रुपये, हे बरोबर. पण दर जीएसटीसह आहे की जीएसटी वेगळा, हे आधी विचारा. वेगळा असेल तर १८ टक्क्यांनी ८,९१० रुपये वाढतात आणि आकडा ५८,४१० वर जातो.

त्यापुढचा खर्च गवंड्याचा. जुन्या लोखंडी चौकटीचे होल्डफास्ट भिंतीत घट्ट रुतलेले असतात. ते उपसताना आजूबाजूचा गिलावा निघतोच. मग कडा भरणं, गिलावा, खाली कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी आणि शेवटी रंग. गवंड्याची आणि बिगाऱ्याची गावातली हजेरी, सिमेंट, वाळू, पट्टी, रंग हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. कोटेशनमध्ये 'फिटिंगसह' असं लिहिलेलं असलं तरी त्यात गवंडीकाम धरलंय का, हे स्पष्ट विचारा. सहसा धरलेलं नसतं.

आता माप. तुमची खिडकी 'चार बाय चार' आहे, असं आपण सहज म्हणतो. टेप लावून बघा. समजा रुंदी ३ फूट १० इंच आणि उंची ३ फूट ८ इंच भरली. म्हणजे ४६ गुणिले ४४ इंच, साधारण १४ चौरस फूट. बिल मात्र पुढच्या पूर्ण फुटाला धरून १६ चौरस फुटांचं होऊ शकतं. पाच खिडक्यांत हा फरक जवळजवळ १० चौरस फुटांचा, म्हणजे तुमच्या दरानं चार हजारांच्या वर जातो. माप पूर्ण फुटाला धरणार, तीन इंचांच्या टप्प्यानं धरणार की प्रत्यक्ष, हे दर ठरवतानाच ठरवून घ्या. रुंदी वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही तशीच तीन ठिकाणी. जुन्या घरात ही मापं क्वचितच सारखी येतात. खिडकी सर्वांत लहान मापावर बनते.

आणखी दोन गोष्टी. मच्छरजाळी हवी असेल तर दोन नव्हे, तीन ट्रॅकचा सेक्शन लागतो आणि त्याचा दर वेगळा. सांगितलेल्या ४५० मध्ये जाळी आहे का, सेक्शनची जाडी किती आणि काच ४ मिलिमीटरची की ५, हे तिन्ही लेखी घ्या. दुसरं म्हणजे, जुन्या लोखंडी खिडक्या 'आम्हीच उचलून नेतो' असं कोणी म्हटलं तर हो म्हणू नका. काट्यावर वजन करा, भंगाराचा भाव लावा आणि ती रक्कम बिलातून वजा करून घ्या.

या सगळ्या बेरजेवर दहा टक्के राखीव ठेवा. चौकट निघाल्यावर आतली वीट सुटलेली निघाली तर ते पैसे लागतात.

प्रश्न : आमचं घर नांदेड-नागपूर महामार्गाला लागून आहे. रात्रंदिवस ट्रक, धूळ, आवाज आणि दुपारचं ऊन. सगळ्या घराला यूपीव्हीसी आणि डबल काच बसवावी का? खर्च दुपटीच्या आसपास जातोय. (एक गृहिणी, अर्धापूर)

उत्तर : ताई, सगळ्या घराला नको. राष्ट्रीय महामार्ग ३६१ ची रहदारी तुमच्या दर्शनी खोल्यांना सोसावी लागते, मागच्या स्वयंपाकघराला तेवढी नाही. महाग खिडकी फक्त रस्त्याकडच्या खोल्यांना लावा.

तिथेही स्लायडिंग घेऊ नका. स्लायडिंगच्या दोन झडपांमध्ये आणि ट्रॅकमध्ये फट राहते. आवाज आणि धूळ तिथूनच आत येते, काच कितीही जाड असली तरी. दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबर दाबून बसणारी खिडकी घ्या. यूपीव्हीसीच्या आत लोखंडी पट्टी भरलेली असावी लागते. ती आहे का, हे बघायला चौकटीवर लोहचुंबक फिरवा. मोठ्या झडपेत पट्टी नसेल तर उन्हानं ती वाकते.

डबल काचेनं ऊन थांबेल, ही अपेक्षा ठेवू नका. दोन काचांमधली हवा उष्णतेचं वहन जवळपास निम्म्यानं कमी करते, हे खरं. एसी चालू असलेल्या बंद खोलीत त्याचा फायदा होतो. पण साध्या पारदर्शक काचेवर थेट ऊन पडलं तर ते डबल काचेतूनही बहुतांश आत येतं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली हवी : छज्जा, बांबूची चटई किंवा शेडनेट. ऊन काचेवर पडायच्या आधी अडवलं तरच खोली थंड राहते. आतून लावलेल्या जाड पडद्यापेक्षा हे जास्त गुणकारी आहे.

मागच्या खोल्यांना साधं अॅल्युमिनियम पुरेल. एवढं मात्र ध्यानात घ्या की स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. चार बाय चारच्या खिडकीतून वारा येतो तो फक्त आठ चौरस फुटांतून. आपल्याकडच्या उष्ण-कोरड्या हवामानासाठी राष्ट्रीय इमारत संहिता खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश खिडक्या सुचवते, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला १२ चौरस फूट. कागदावर तुमची खिडकी पास होते, पण मे महिन्यात वारा कमी पडतो. जिथे वारा हवा तिथे दारासारखी उघडणारी खिडकीच घ्या.

प्रश्न : वडिलोपार्जित वाडा आहे. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद. सागवानी खिडक्या लहान आहेत, उजेड येत नाही. त्या काढून पाच बाय चारच्या अॅल्युमिनियमच्या करायच्या आहेत. खर्चाचा अंदाज द्यावा. (एक वाचक, अर्धापूर तालुका)

उत्तर : तुम्हाला अंदाज देण्याआधी थांबवतो आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात जी घरं कोसळली, त्यांत बहुतेक अशीच होती : मातीत बांधलेला दगड आणि वर माळवदाचा भार. लातूर तुम्हाला लांब वाटेल. पण २१ मार्च २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेडपर्यंत जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवून घ्या, असं आवाहन प्रशासनाला मार्चमध्ये करावं लागलं होतं.

अशा भिंतीत खिडकी मोठी करणं म्हणजे माळवद पेलणारा भिंतीचाच भाग काढून टाकणं. लहान खिडक्या हीच त्या भिंतीची ताकद आहे. म्हणून दगड-मातीच्या भिंतीत भोक वाढवू नका, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. पुढे कधी पक्क्या विटांच्या खोलीत खिडकी वाढवायची झाली, तरी कोपऱ्यापासून दोन फूट तरी अंतर सोडा आणि एका भिंतीतल्या सगळ्या दारं-खिडक्यांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. वर काँक्रीटचा लिंटेल हवाच. टेकू, लिंटेल आणि अभियंत्याची फी धरल्याशिवाय ते बजेट पूर्ण होत नाही.

तुमच्या सागवानी चौकटी सुताराला दाखवा. वाळवी खालच्या उंबऱ्यातच असेल तर तेवढा तुकडा बदलता येतो. झडपांतल्या लाकडी फळ्या काढून काच बसवली, भिंतीच्या आतल्या कडांना पांढरा चुना दिला, तरी उजेड चांगला वाढतो. उरलेले पैसे माळवद हलकं करण्यात आणि भिंती सांधण्यात घाला. या घराची खरी गरज ती आहे.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. पैसा कटाईनंतरच हातात येतो. आठ खिडक्या एकदम कराव्यात की टप्प्यांनी? अॅडव्हान्स किती द्यावा? (एक शेतकरी, अर्धापूर)

उत्तर : इसापूर धरणाच्या पाण्यावर तुमची बाग उभी राहते, पण वैशाखातलं एक वादळ ती आडवी करू शकतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माल उभा असताना त्याच्या भरवशावर ऑर्डर देऊ नका. जेवढी रक्कम खात्यात जमा आहे तेवढ्याच खिडक्या सांगा.

मात्र मोजमाप आठही खिडक्यांचं एकदमच घ्या, आणि सेक्शनचा क्रमांक व रंग लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या खिडक्या पहिल्यांना जुळतील. एकेक खिडकी करत बसू नका, फेऱ्यांचा खर्च आणि दर दोन्ही वाढतात. चार-चारचे दोन टप्पे पुरेत. पहिल्या टप्प्यात पावसाचा मारा लागणाऱ्या आणि कुजलेल्या खिडक्या घ्या, आणि हे काम मृगाच्या आधी उरका.

पैसे तीन हप्त्यांत द्या : ऑर्डर देताना ४० टक्के, माल घरी उतरल्यावर ४० आणि उरलेले २० काम तपासल्यावर. तपासणी अशी करा : बाहेरून पाइपनं दहा मिनिटं पाणी मारा आणि आत उभं राहून बघा. ट्रॅकच्या भोकांतून पाणी बाहेर वाहायला हवं आणि खिडकीखालच्या दगडी पट्टीचा उतार बाहेरच असायला हवा. टफन काच घेणार असाल तर माप दोनदा तपासा, कारण ती एकदा तयार झाली की कापता येत नाही.

प्रश्न : ग्रिल किलोवर घ्यावी की चौरस फुटावर? घरात लहान मुलं आहेत. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : किलोवर घ्या, पण गजाची जाडी आधी ठरवून. १० मिलिमीटरचा चौकोनी गज मीटरला सुमारे ७८५ ग्रॅम भरतो, १२ चा सुमारे १,१३० ग्रॅम. चार बाय चारच्या खिडकीला अकरा उभे गज लागले तर पहिल्याचं वजन साडेदहा किलो होतं, दुसऱ्याचं पंधराच्या वर. चौकटीचं वजन वेगळं. म्हणजे जाडी न ठरवता किलोचा दर ठरवला तर बिल दीडपट व्हायला वेळ लागत नाही. घराच्या खिडकीला १० चा गज पुरतो. रंग देण्याआधी वजन तुमच्यासमोर करून घ्या.

दोन गजांतलं अंतर चार इंचांच्या आत ठेवा, म्हणजे मुलाचं डोकं अडकणार नाही. आणि घरातल्या निदान एका खिडकीची ग्रिल बिजागरीवर, आतून उघडणारी करून घ्या. दाराशी आग लागली किंवा दार अडकलं तर बाहेर पडायला वाट असली पाहिजे. त्यासाठी लागणारे थोडे जास्त पैसे वाचवायच्या यादीत टाकू नका.