बझर ओरडला तर आधी बकल बघ

लेकरा, बेल्ट लावलेला असतानाही मीटरमधलं टिंग-टिंग थांबत नसेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला घे आणि आधी मीटरवरचे दिवे बघ. बऱ्याच पिकअपमध्ये एकच बझर चार कामं करतो. दार अर्धवट लागलं तरी तोच वाजतो, हेडलाइट चालू ठेवून चावी काढली तरी तोच. बसलेला माणूस आणि त्याच्या अंगावरून तिरका गेलेला पट्टा, असा लाल दिवा लागलेला असेल तर दोष बेल्टच्या लाइनमध्ये आहे. तो दिवा विझलेला असून आवाज येत असेल तर दाराच्या चौकटीतला स्विच बोटानं दाबून बघ. आपल्याकडच्या धुळीत तो रबराखालचा स्विच फार लवकर अडकतो, आणि लोक उगाच बेल्टची वायरिंग उकलत बसतात.

बेल्टचाच दिवा असेल तर बहुतेक वेळा दोष बकलमध्ये सापडतो. लाल बटण असतं त्या डबीत एक छोटा स्विच असतो. बेल्टची लोखंडी जीभ आत गेली की तो दाबला जातो, आणि माणसानं पट्टा लावला एवढी खबर मीटरला मिळते. ही डबी सीटच्या बाजूला तोंड वर करून उभी असते, म्हणून केबिनमध्ये जे सांडतं ते सगळं तिच्यात जातं. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघ. शेंगदाण्याचं टरफल, सुपारीचं खांड, पुडीचा फाटका कोपरा, एखादं नाणं, असं काहीतरी हमखास दिसेल. मानवत-सेलूकडं कापसाच्या खेपा मारणाऱ्या गाड्यांत तर सरकीला चिकटलेलं तूस आणि काळ्या रानाची धूळ मिळून आत घट्ट थर बसतो. जीभ वरवर बसल्यासारखी वाटते, पण तळापर्यंत जात नाही.

जीभ घाल आणि कानानं ऐक. खट्ट असा भरीव आवाज आला पाहिजे. मग पट्टा वर ओढून धर. ओढल्यावर दिवा विझला आणि सोडल्यावर पुन्हा लागला, तर आतला स्विच झिजलाय किंवा खाली कचरा साठलाय. पंक्चरवाल्याकडं हवा मारून घे, पण नळी जरा लांब धर आणि बटण दाबून ठेव, म्हणजे कचरा बाहेर निघेल. चहा सांडून चिकट झालं असेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं तोंड पूस आणि पुरतं वाळू दे. डबीत तेल, ग्रीस, स्प्रे काहीही मारायचं नाही. पहिले दोन दिवस सगळं गुळगुळीत चालतं, मग त्याच तेलाला धूळ धरते आणि खटका नीट पकडत नाही. बझर वाजला तर डोकं दुखेल. ऐन वेळी खटकाच सुटला तर माणूस काचेवर जाईल. साफ करूनही जीभ पक्की बसत नसेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नकोस, बकल बदल.

बकल ठीक निघालं तर सीटखाली उतर. बकलची तार सीटखाली कपलरला जोडलेली असते. सीट पुढं-मागं सरकवून बघ. सरकवताना दिवा लागतो-विझतो असं झालं तर तार रुळात चेमटलीय किंवा कपलर ढिला आहे. पावसाळ्यात चिखलाचे पाय, वरून केबिन पाइपनं धुवायची खोड, यामुळं मॅटखाली पाणी राहतं आणि पिनांना हिरवं चढतं. मोंढ्यात रात्रभर धान्य भरून गाडी उभी असेल तर उंदीर तार कुरतडतात, तेही बघ. नवं जाड सीटकव्हर घातल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर कव्हर काढ. शिवणाऱ्यानं तार आवळलेली असते.

एक गोष्ट पाळायचीच. एअरबॅग असलेल्या गाडीत सीटखालचा कोणताही कपलर काढण्याआधी चावी बंद कर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढ आणि चांगली दहा मिनिटं थांब. पिवळ्या वेष्टनाची तार किंवा पिवळा कपलर दिसला तर हात लावू नकोस, टेस्ट लॅम्प तर मुळीच नको. ती एअरबॅगची लाइन असते. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

साध्या दोन तारांच्या बकलला मल्टिमीटर लावून तपासता येतं. जीभ बाहेर असताना आणि आत असताना मल्टिमीटरनं वेगवेगळं दाखवायला हवं. कुठं आत गेल्यावर जोड लागतो, कुठं तुटतो; ते गाडीवर आहे. फरक पडतो की नाही एवढंच बघायचं. फरक पडत नसेल तर स्विच गेला. फरक बरोबर पडतोय आणि तरी दिवा लागतोच, तर बिघाड पुढच्या तारेत किंवा गाडीच्या मीटरमध्ये आहे. तिथं चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलव. हौद्याला जाळी किंवा फाळका वेल्ड करून आणल्यापासून असं होत असेल तर त्याला ते आधी सांग. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढल्या नाहीत तर मीटर आणि कंट्रोलरला झटका बसतो.

शेजारच्या सीटलाही बेल्टचा इशारा असलेल्या गाडीत त्या सीटखाली वजन ओळखणारा पातळ सेन्सर असतो. तिथं पाण्याचा जार किंवा खताची गोणी ठेवलीस तर बझर वाजणारच. ती तक्रार गाडीची नाही, सामान उचल. सामान तिथं ठेवायचंच नाही. जोरात ब्रेक लागला की तेच तुझ्या अंगावर येतं.

उलट बिघाड लोकांच्या लक्षातच येत नाही. चावी फिरवल्यावर बेल्टचा दिवा लागलाच नाही, बझर गप्प, तर गाडी शहाणी झाली असं समजू नकोस. फ्यूज उडालाय, तार तुटलीय किंवा आधीच्या मालकानं कुणाकडून तरी जोडणी मारून तोंड बंद केलंय. सेकंडहँड पिकअप बघताना मी पट्टा न लावता चावी फिरवायला सांगतो, ते यासाठीच.

बाजारात बकलमध्ये खोचायची लोखंडी क्लिप मिळते. ती घातली की मीटरला वाटतं पट्टा लागला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे 2023 मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि या क्लिपच्या 13,118 जाहिरात-नोंदी विक्रीतून काढायला लावल्या. इतक्या लोकांनी जीव वाचवणारी वस्तू फसवण्यासाठी दुसरी वस्तू शोधली, हे मला फार लागतं. पट्टा न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे 1000 रुपये दंड आहे, पण दंड ही लहान गोष्ट. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळपास 17 मीटर. गंगाखेड रोडला समोर म्हैस आली तर गाडी थांबेल, तू त्याच वेगानं पुढं जाशील.

3 जून 2014 ची सकाळ आपल्या भागातला माणूस विसरलेला नाही. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे साहेब दिल्लीत गाडीच्या मागच्या सीटवर होते, दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि ते गेले. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढं जाहीरपणे सांगितलं, की मागचा बेल्ट लावला असता तर ते वाचले असते. शेजारी बसलेल्याला पट्टा लावायला सांगताना तुला संकोच वाटला तर ही गोष्ट सांग. आणि हौद्यात कापूस वेचणीची बायका-पोरं बसवून न्यायला कुणी पैसे देऊ केले तर नाही म्हण. तिथं पट्टाही नाही आणि बझरही नाही.

नवं बकल घेताना तुझ्या मॉडेलचंच घे, बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या जोरानं आवळून घे आणि बिल जपून ठेव. अपघात झालेल्या गाडीतून काढलेलं बकल किंवा पट्टा स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. पट्टा हळू गुंडाळत असेल तर पूर्ण बाहेर ओढून साबणाच्या सौम्य पाण्यानं पूस आणि पुरता वाळल्यावरच आत सोड. त्याचे धागे सुटले असतील तर तो बदलायलाच हवा. आणि तुझ्या गाडीत आधीच्या मालकाची क्लिप असेल, तर ती आजच काढून टाक.